किलो सगळे विचारतात



वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला मला आता चार वर्षं झाली. १०४ किलोवरून ६८ वर आले. लग्नात, मंदिरात, बाजारात भेटणारी प्रत्येक बाई पहिल्यांदा विचारते, "किती किलो उतरलं हो?" आकडा ऐकला की तोंडावर हात ठेवते. त्याच्या पुढचा प्रश्न आजवर एकीनंच विचारला, तोही फोनवर, आवाज बारीक करून, सेलूहून. "ताई, तुम्हाला संडासचा त्रास होतो का?" तिच्या सासूबाईंचंही असंच ऑपरेशन झालंय. त्या सहा महिन्यांपासून घराबाहेर पडत नाहीत, कारण कुणाला सांगत नाहीत. सुनेला कळलं ते धुण्याच्या कपड्यांवरून.

तिला फोनवर जे सांगितलं तेच आज सविस्तर लिहिते. विषय घाणेरडा वाटेल. वाटू दे.

आपल्याकडं हे ऑपरेशन घरोघर माहीत झालं ते नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत करून घेतलं तेव्हा. मग २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमद नावाची बाई मालवाहू विमानानं मुंबईला आली. तिचं वजन पाचशे किलोच्या आसपास सांगत होते. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून आज किती घटलं ते बघायचो. त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबू धाबीत वारली, तेव्हा बातमी आली आणि गेली. त्या सगळ्या महिन्यांत किलोचा हिशेब रोज मिळाला. पण अशा ऑपरेशननंतर माणसाचं पोट कसं चालतं, हे कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

माझं झालं ते 'मिनी बायपास'. पोटाची लांबट, अरुंद पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला बरीच पुढं नेऊन जोडतात. मधलं दीड-दोन मीटर आतडं अन्नाच्या वाटेतून वगळलं जातं. ते आत असतंच, त्यातून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहत येतो, पण अन्नाची नि त्या रसांची गाठ उशिरा पडते. खाणं कमी होतं आणि खाल्लेलंही पूर्ण अंगी लागत नाही. वजन उतरण्यात या दोन्हींचा हात असतो, आणि त्रास मुख्यतः दुसऱ्याचा.

हे आजचं दुखणं नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत क्रेमेन आणि लिनर या सर्जननी वजनासाठी आतड्याचं बायपास केल्याचं प्रसिद्ध झालं. त्यात पोटाला हात न लावता आतड्याचा फार मोठा भाग वगळायचे. वजन झरझर उतरायचं, पण जुलाब थांबायचे नाहीत, मुतखडे व्हायचे, कित्येकांचं यकृत बिघडलं. पुष्कळांचं आतडं पुन्हा जोडून द्यावं लागलं आणि शेवटी ती पद्धतच बंद पडली. मग १९६६ मध्ये एडवर्ड मेसन यांनी पोट लहान करून बायपास करायची वाट काढली. आताच्या पद्धती त्याच वाटेवरच्या आणि कितीतरी सुरक्षित. पण आतडं वगळलं की त्याची किंमत थोडीफार द्यावी लागते, ही गोष्ट सत्तर वर्षं जुनी आहे.

कुणी घाबरू नका. माझी दोन वेळची इन्सुलिन बंद झाली. नेमगिरीच्या पायऱ्या मी या वर्षी कुणाचा हात न धरता चढले, गुहेत वाकून आत गेले, भगवंतांसमोर मांडी घालून बसले. पुन्हा वेळ आली तर हेच ऑपरेशन करीन.

पहिलं वर्ष उलटं होतं. पोट साफच व्हायचं नाही. खाणं वाटीभर, पाणी घोटाघोटानं, त्यात लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या. चार-चार दिवस काही नाही. ते पाण्यानं आणि इसबगोलानं सुटलं. इसबगोल एक चमचा, पण भरपूर पाण्यात आणि गोळ्यांपासून दोन तास दूर. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत घट्ट बसतं.

दुसऱ्या वर्षी सगळं फिरलं. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागायचं. फिकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं, दोन बादल्या ओतल्या तरी न जाणारं. आपल्या परभणीत नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. टाकीतलं पाणी मोजून वापरणाऱ्या घरात एक माणूस दिवसाला दहा बादल्या ओततंय, हे कुणाच्या लक्षात येणार नाही? हे काही बोलले नाहीत, पण टँकर आठवड्याआधीच बोलवायला लागले. आणि वास. मी उदबत्ती लावायचे. नातू म्हणायचा, "आजीच्या बाथरूममध्ये देव आहे का?"

बाहेर जायचं म्हणजे आधी संडास कुठं आहे ते बघायचं. संभाजीनगरला तपासणीला तपोवननं जाताना आदल्या दिवशी दुपारनंतर काही खायचे नाही. पिशवीत जादा साडी, परकर, प्लॅस्टिकची पिशवी. लग्नात जेवणाच्या पंगतीच्या आधीच निघायचं, म्हणजे "का जेवली नाही" हा प्रश्नच नको.

सगळ्यात जास्त लागलं ते चौक्याचं. त्या वर्षी संघ आला होता. आमच्या घरी चौका लागला, पडगाहनाला सगळे दारात उभे. महाराजांसमोर मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी म्हणायचं असतं. ज्या बाईचं पोट पाच मिनिटांचा भरवसा देत नाही तिनं कायशुद्धी कोणत्या तोंडानं म्हणावी? चाळीस वर्षं मी चौक्यात वाढलं, त्या दिवसांत मागच्या पडवीत धान्य निवडत बसले. अभिषेक लांबून बघायचा. कुणी विचारलं की गुडघ्याचं नाव सांगायचं.

सूनबाईनं हे तोडलं. तिनं एक वही आणून दिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही हिशेबात पक्क्या आहात ना, मग याचाही लिहा." रकाने पाडले. किती वाजता काय खाल्लं, किती, पाणी कधी प्यायलं, किती वेळानं जावं लागलं, कसं होतं, पोट फुगलं का. तीन आठवडे लिहिलं. बी.कॉम. झाल्यापासून इतकं मन लावून खतावणी केली नव्हती.

वहीत तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या, आणि इतके दिवस मी तिन्हीला 'पोट बिघडलं' एवढंच म्हणत होते. गोड खाल्लं, म्हणजे शिरा किंवा पेढा, की अर्ध्या तासात कळ, घाम, छाती धडधड आणि जुलाब. साखर भसकन आतड्यात उतरली की असं होतं, त्याला डॉक्टर 'डंपिंग' म्हणतात. तूप-तेल जास्त झालं की दुसऱ्या दिवशी ते फिकट, तरंगणारं. म्हणजे स्निग्ध पदार्थ न पचता तसाच बाहेर. आणि तिसरं, काहीही खाल्लं तरी दीड-दोन तासांत पोट ढोलासारखं आणि वास असह्य. हे आतड्यात जंतू वाजवीपेक्षा जास्त माजल्याचं लक्षण निघालं. तिन्हींचे उपाय वेगळे. वही बघून डॉक्टर म्हणाले, "असं पेशंट सांगतच नाहीत हो. म्हणतात, थोडं लूज होतं."

जंतूंसाठी दोन आठवड्यांचा औषधाचा कोर्स दिला. गोडाला मी स्वतःच हात जोडले. राहिलं स्निग्धाचं, आणि तिथं गाडी अडली.

रक्त तपासलं तर अल्ब्युमिन २.९. साडेतीनच्या वर पाहिजे. पायावर सूज होती, बोट दाबलं की खड्डा पडायचा. डॉक्टरांनी पाचक रसाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, जेवणाबरोबर घ्यायच्या. नाव पॅन्क्रिएटिन. सूनबाईनं दुकानातच मोबाइलवर बघितलं आणि रिकाम्या हातानं घरी आली. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात.

तो आठवडा घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मुलाचं म्हणणं, "आई, हे खाणं नाही, औषध आहे. तुझ्या पायांकडं बघ." त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, तो घाबरला होता. ह्यांचं म्हणणं, "तू ठरव." हे तर आणखी अवघड. मद्य, मांस, मधाचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी. तिथूनच पाय उचलायचा तर वर चढून करायचं काय? दुसरीकडं, शरीर टिकलं नाही तर सामायिक कोण करणार, हेही शास्त्रच विचारतं. रात्री मी दोन्ही बाजू वहीत मांडून बघितल्या. बेरीज जमेना.

मग डॉक्टरांनाच सरळ विचारलं, "मी हे घेतलं नाही तर काय?" ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, "आधी जंतूंचा बंदोबस्त होऊ द्या. कधी कधी तेवढ्यानंच पचन सुधारतं. तूप-तेल मोजून घ्या, प्रोटीन दिवसाला साठ ग्रॅम झालंच पाहिजे. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू. अल्ब्युमिन खाली गेलं तर मात्र कॅप्सूल, नाही तर दुसरं ऑपरेशन करून आतड्याचा वगळलेला भाग कमी करायचा. यातलं एक निवडावंच लागेल." बुरशीपासून केलेली पाचक औषधं दुकानात मिळतात, पण स्निग्ध पचवायला ती या कॅप्सूलच्या बरोबरीची नाहीत हेही त्यांनी सांगितलं.

मी मनाशी दुसरं ऑपरेशन धरलं होतं. मुलाला सांगितलंही. तो खोलीतून उठून गेला.

सहा आठवड्यांनी आकडा ३.३, पुढच्या तीन महिन्यांत ३.६. सूज उतरली. प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही, तो विचारलाच गेला नाही एवढंच. आपल्यातलीच एखादी बाई ती कॅप्सूल घेत असेल तर तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघायची मला सोय नाही. माझं रक्त वर चढलं म्हणून मी सुटले.

पण ज्या बायका अजून ऑपरेशनचा विचार करताहेत त्यांनी हे प्रश्न आधीच विचारून ठेवावेत, माझ्यासारखं पायाला सूज आल्यावर नव्हे. ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शनं देतात, तीही डुकराच्या आतड्यापासूनची. त्याऐवजी फोंडापॅरिनक्स हे पूर्ण कृत्रिम औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. जिलेटिनच्या कॅप्सूल जनावरांच्या हाडा-कातड्याच्या असतात. व्हिटॅमिन गोळीच्या रूपात मागा. बी-१२ तर आपल्याला असंही कमी असतं, मी महिन्याला इंजेक्शन घेते.

आता खाण्याचं. आहारतज्ज्ञ मुलीनं दिलेल्या कागदावर अंड्याचा पांढरा भाग, उकडलेला बटाटा, गाजराचं सूप होतं. मी तिला सगळं खोडून दाखवलं तर बिचारी गोंधळली. मग खाली लिहिलेलं वाचलं, 'गॅस होत असल्यास कांदा-लसूण बंद.' मला हसूच आलं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं संशोधन करून बिघडलेल्या पोटासाठी जो आहार सांगितला त्यात कांदा-लसूण वर्ज्य यादीत आहेत म्हणे. आमच्या घरात ते संशोधन पणजीच्या काळापासून चालू आहे.

सध्या माझं असं चालतं. सकाळी सूर्योदयानंतर दोन घटका झाल्या की ज्वारीच्या कण्यांची पेज, पातळ, मीठ-जिरं घालून, वर ताज्या दह्याचं घुसळलेलं ताक, लोणी काढलेलं. दूध मला आता सोसत नाही, ताक सोसतं. विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी आणली, तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. मिळाली तर मी तीच घेते, कारण बायपासमध्ये लोह जिथं जास्त शोषलं जातं नेमका तोच भाग वगळला जातो. दुपारी मुगाचं वरण, घरचं पनीर, दुधी किंवा दोडका, अर्धी भाकरी. डाळ आणि ताक एका वेळी घेत नाही, द्विदल होतं. मध्ये-मध्ये लाह्या, भिजवून उकडलेले सोयाबीन. संध्याकाळी पुन्हा वरण-पेज. एका वेळी वाटीभरच, पण दिवसातून पाच वेळा. तूप-तेल मिळून दिवसाला चार लहान चमचे, सकाळीच वाटीत काढून ठेवते. वाटी संपली की संपलं. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासानं. पाणी प्रासुक, उकळलेलं, आणि उन्हाळ्यात परभणीच्या चव्वेचाळीस अंशात दोन लिटरच्या खाली नाही.

रात्रिभोजन त्याग टिकला. रात्री पाणी आणि औषधाची सूट आधीपासूनच घेतलेली होती. पण एकाशन सुटलं, आणि ते मला फार जड गेलं. एकाशनात एकाच बैठकीत अन्न आणि पाणी, नंतर काही नाही. माझ्या पोटात एका बैठकीत वाटीभरच मावतं, त्यावर पाणी प्यायलं की सगळं वाहून जातं. निर्जळ उपवास तर माझ्यासाठी सलाइनला आमंत्रण. दशलक्षणात सगळ्या जणी एकाशन, उपवास करताना मी दर दोन तासांनी वाटी घेऊन बसायची. जाऊबाई एकदा सहज म्हणाल्या, "तुमचं बरं आहे बाई." त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र चार दिवस झोप आली नाही.

मी माताजींना सगळं सांगितलं, संडासापासून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाह्य तपं किती?" मी म्हणाले, सहा. "मोजा." अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग... चौथ्यावर त्यांनी थांबवलं. सोळा भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे हे लक्षात ठेवा म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईकडं वळल्या.

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात उजेड पडला. अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं, ते तर सर्जननी जन्माचं बांधूनच दिलंय. त्यात माझं पुण्य काही नाही, तिसऱ्या घासापुढं जागाच नसते. पण रसपरित्याग? दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ. यातलं तूप, तेल आणि गोड सोडायला डॉक्टर सांगत होते, तेव्हा मी ते पथ्य म्हणून कुरकुरत पाळत होते. तेच मी नियम म्हणून घेतलं. पुरणपोळीच्या ताटासमोर 'मला सोसत नाही' म्हणताना जी लाचारी वाटायची ती 'माझा नियम आहे' म्हणताना वाटत नाही. पोटालाही फरक कळतो असं मी म्हणत नाही, पण वही बघितली तर नियम घेतल्यापासून महिन्यातले वाईट दिवस अकरावरून तीनवर आलेत.

सेलूच्या बाईला मी एक गोष्ट दोनदा सांगितली, इथंही लिहिते. सगळंच गॅस नसतं. वजन उतरलं की आतल्या चरबीचा आधार जातो आणि आतडं एखाद्या फटीत सरकून अडकू शकतं, ऑपरेशननंतर कितीही वर्षांनी. जेवल्यावर पोटात वरच्या बाजूला पिळवटून कळा, पाठीत जाणाऱ्या, उलट्या, वारा सरणं बंद, असं झालं तर ओवा चघळत बसायचं नाही. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जायचं आणि दारातच सांगायचं की बायपास झालेलं आहे. साध्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही, सीटी स्कॅन लागतो. डांबरासारखं काळं, चिकट झालं तरी तसंच. लोहाच्या गोळीनंही काळं होतं, पण घेरी येत असेल तर थांबू नये. उलट्या सतत होत असतील तर बी-१ झपाट्यानं कमी होतं आणि मेंदूवर परिणाम होतो, तेव्हा त्याचं इंजेक्शन मागायचं. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत, जोडाच्या जागी अल्सर होतो. माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते, ऑपरेशनचं नाव, तारीख, कोणतं औषध चालत नाही. पर्स धरायला ह्यांच्याकडं दिली तरी ती चिठ्ठी तिच्यातच राहते.

पुढच्या आठवड्यात भाद्रपद शुद्ध पंचमी, दशलक्षण सुरू. जाऊबाईंचे या वर्षी दहाही दिवस एकाशन आहे, त्यांची तयारी मीच करून देणार आहे. माझा नियम असा, दहा दिवस तूप, तेल आणि गोड पूर्ण बंद, पाच वाट्या ठरलेल्या वेळी, सहावी नाही. डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलंय. ते म्हणाले, दहा दिवस चालेल, फक्त प्रोटीन कमी पडू देऊ नका, म्हणून पनीर वाढवलंय. सेलूच्या सासूबाई सूनेबरोबर परवा येऊन गेल्या. पहिला अर्धा तास माझ्या साडीबद्दल बोलल्या. मग मी त्यांच्या पुढ्यात वही ठेवली, तेव्हा चष्मा काढून त्यांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "अशी वही कुठं मिळेल?" मी कपाटातली कोरी एक काढून दिली.